पटावरचं नाव

माझी जन्मतारीख 1 जून आहे. मराठवाड्यात माझ्या वयाच्या शिक्षकांना विचारून पाहा, बरेच जण हीच तारीख सांगतील. आई सांगायची, तू हुरड्याच्या दिवसांतली. म्हणजे पौष-माघातली कधीतरी. पण 72 चा दुष्काळ सरल्यावर वडील मला पहिलीत घालायला घेऊन गेले, तेव्हा गुरुजींनी मला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावला. कान हाताला लागला. मग शाळा उघडताना सहा वर्षं पुरी होतील अशा बेताने त्यांनी रजिस्टरात 1 जून टाकली आणि पुढच्या पोराला बोलावलं.

त्या तारखेवर माझी नोकरी लागली आणि त्याच तारखेवर ती संपली. खासगी शाळांच्या सेवाशर्तींचे 1981 चे नियम आम्हाला लागू आहेत. त्यांत 58 हे नियत वयोमान. महिन्याच्या 1 तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीच निवृत्त होतो. म्हणून माझ्यासारखे शिक्षक दरवर्षी 31 मे ला निवृत्त होतात, आणि तेव्हा शाळेत एकही लेकरू नसतं. त्यामुळे आमच्याकडे निरोप समारंभ 1 मे लाच उरकतात. झेंडावंदन होतं, निकाल वाटले जातात, पोरं नापास-पास बघून घराकडे पळतात, आणि मग मंडपात शाल-श्रीफळ होतं. माझंही तसंच झालं. ऊन डोक्यावर आलं होतं, म्हाताऱ्या बाया पदराने वारा घेत बसल्या होत्या, सरपंचांना तालुक्याला जायचं होतं. मला बोलायला मिळाला तो वेळ आभार मानण्यातच गेला. जे सांगायचं होतं ते राहिलं. ते आता सविस्तर लिहिते.

आमची शाळा बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरात. पाचवी ते दहावी, अनुदानित. गाव आणि भोवतालच्या वाड्या-तांड्यांवरची पोरं येतात. जमीन हलकी, पाणी पावसाच्या भरवशावर. बाजरी, तूर, कापूस निघतो, तोही पाऊस झाला तर. दसरा झाला की ऊसतोडीला नेणाऱ्या मुकादमाची, म्हणजे मजुरांच्या ठेकेदाराची, गाडी येते. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली असते, पोळ्याच्या सुमाराला किंवा घरात कुणाचं दुखणं निघालं तेव्हा. नवरा-बायको मिळून एक कोयता. दिवाळीच्या मागेपुढे हे कोयते ट्रकांत, ट्रॅक्टरांत बसून निघतात. भांडीकुंडी, कोंबड्या, ज्वारी-बाजरीचं पोतं, शेळी आणि लहान लेकरं सगळं एकाच ट्रॉलीत. साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परत. कधी गुढीपाडव्याला, कधी त्याच्याही नंतर.

शाळेच्या भाषेत याचा अर्थ असा की जूनमध्ये भरलेला वर्ग दिवाळीच्या सुट्टीनंतर अर्धा होतो.

मी भूगोल शिकवायचे. सह्याद्रीच्या पलीकडे पाऊस कोसळतो आणि आपण पर्जन्यछायेत, हे पुस्तकातलं वाक्य आमच्या पोरांना समजावून सांगावं लागत नाही. पण त्यांचा भूगोल किती मोठा आहे हे मला पहिल्या काही वर्षांत कळलंच नव्हतं. एकदा सातवीच्या वर्गात भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा लावला आणि सहज विचारलं, कृष्णा नदी कुणी पाहिली आहे? मला वाटलं, दोन-तीन हात वर होतील. निम्म्याहून जास्त वर्गाने हात वर केले. एक पोरगी उठली आणि नकाशापाशी आली. तिने बोट ठेवत ठेवत सांगितलं: ही भीमा, इथून आमची गाडी रातची गेली. ही नीरा, इथं आमच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, होत्या, दोन वर्षं. ही कृष्णा, इथं माझा भाऊ झाला. बारामती, माळशिरस, वाळवा, शिरोळ, आणि नकाशाच्या बाहेर, भिंतीच्या चुन्यावर बोट नेऊन, अथणी. कर्नाटक नकाशात नव्हतं, म्हणून तिने ते भिंतीवर दाखवलं.

त्या पोरीला त्या वर्षी सातवीत वाचता येत होतं ते अडखळत. दर हिवाळ्यात ती शाळेबाहेर असायची. नदीकाठी धाकट्या भावाला सांभाळायची, पाणी आणायची, आईबाप उसाच्या फडातून यायच्या आधी चूल पेटवायची. दुपारी वाढ्याचे, म्हणजे उसाच्या शेंड्यांचे, भारे बांधायला हात लावायची. आम्ही तिच्या हजेरीपुढे गैरहजेरीच्या खुणा करत होतो.

मुख्याध्यापकपदाचा चार्ज माझ्याकडे आला तेव्हा पहिलं काम केलं ते जनरल रजिस्टर वाचायचं. म्हणजे दाखला शोधायला चाळतो तसं नाही, बसून वाचायचं. शाळेचं हे सगळ्यात जड पुस्तक. शाळेत पाऊल टाकलेल्या प्रत्येक लेकराची त्यात एक ओळ. नाव, आईचं नाव, जात, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचं कारण, शेरा. मी उजवीकडचे रकाने वाचत गेले. सुरुवातीच्या वर्षांतली निळी शाई फिकी पडून तपकिरी झाली आहे, पण अक्षर सुरेख. आणि पानापानावर कारणाच्या रकान्यात तेच दोन शब्द: सतत गैरहजर. शेजारच्या रकान्यात तारखा पाहिल्या. डिसेंबर, जानेवारी, जानेवारी, डिसेंबर. खाली खाली तेच. डाव्या बाजूला नावं पाहिली तर त्यांत पोरी जास्त.

तो काळ तसा होता. पोर महिनोन् महिने आलं नाही की पटावरून नाव कमी करायचं, हा शिरस्ता. कुणी दुष्टपणाने करत नव्हतं. पण मला त्या पानांवरून नजर काढता येईना. कारण लिहिणाऱ्याला कारण ठाऊक होतं, गावात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तरी रजिस्टरात दोष लेकराच्या नावावर पडला होता. शिक्षणहक्काचा कायदा 2010 मध्ये लागू झाला आणि आठवीपर्यंत नाव कमी करण्याचा प्रश्न मिटला. नववी-दहावी मात्र कायद्याच्या बाहेर राहिली, आणि आमच्याकडे पोरी सुटतात त्या नेमक्या तिथे. मी त्या दिवशी कार्यालयातल्या सगळ्यांना सांगितलं की माझ्या सहीने एकाही पोराचं नाव गैरहजेरीसाठी कमी होणार नाही. दाखला मागायला बाप आला तर त्याला आधी बसवायचं, चहा द्यायचा आणि मला हाक मारायची.

हे सांगणं सोपं होतं. पटावर नाव राहिलं म्हणून पोर वर्गात येत नाही. उलट कागदावर पट दिसतो आणि बाक रिकामा, यात शाळेची अडचणच. संचमान्यता, म्हणजे शिक्षकपदांची मंजुरी, पटावर होते, पटावर शिक्षकांची पदं टिकतात, आणि आता तर आधार जुळलेलं पोरच मोजतात. नावं उगाच धरून ठेवलीत असा आरोप कुणीही करू शकला असता. म्हणून नावामागचं पोर खरोखर गावात ठेवणं भाग होतं.

त्यासाठी काय लागतं हे मला बायांनी शिकवलं, प्रशिक्षणांनी नाही. एका दसऱ्यानंतर आम्ही दोघी-तिघी शिक्षिका वाडीवर गेलो. नेहमीचं भाषण सुरू केलं: शिक्षणाचं महत्त्व, पोरीला शिकवा, वगैरे. एक आजी ओसरीवर तुरी निवडत बसली होती. तिने हात थांबवले आणि म्हणाली, "मॅडम, शाळंचं समदं पटतंय. पर शाळा सुटती पाचाला. पाचाच्या फुडं काय? म्या अशी डोळ्यानं अधू. पोरगी नववीला हाय. रातच्याला दाराला कडी लावून बसावं लागतंय. कोपीवर न्यावी तर तिथं दारच न्हाई. मंग तुम्हीच सांगा, कुठं ठिवू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. परतताना आम्ही तिघी एकमेकींशी बोललो नाही. पण तेव्हापासून माझी खात्री आहे की आमच्या भागात हजेरी वर्गात घेतली जात असली तरी ती ठरते रात्री. पोर कुठे झोपणार, संध्याकाळी काय खाणार, ताप आला तर कुणाला हाक मारणार, पोरीच्या शेजारी कोण असणार. याची उत्तरं असली की पोर शाळेत येतं. नसली की ट्रॉलीत चढतं, किंवा मांडवात उभं केलं जातं. लग्नाचं तेच मूळ आहे. आईबाप राक्षस नसतात. वयात आलेली पोरगी सहा महिने कुठे ठेवायची याचं त्यांना सापडलेलं उत्तर म्हणजे लग्न. वर जोडीला कोयता मिळतो, नव्या जोडप्याला उचल मिळते, हा हिशेबही त्यात असतो. तो मी नाकारत नाही.

सरकारने हंगामी वसतिगृहं काढली. लेकरं आजी-आजोबांकडे राहतात, सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळेच्या आधाराने होतं. 2021 मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी शासकीय वसतिगृहांची योजना आली. या दोन्ही गोष्टी हव्याच होत्या. ज्यांनी त्यांच्यासाठी वर्षानुवर्षं आवाज उठवला त्यांना मी हात जोडते. पण वसतिगृह तालुक्याला, वाडी डोंगरात, आणि आजी म्हणते नातीला डोळ्यांआड करणार नाही. मधली जागा गावालाच भरावी लागते. आमच्या गावाने ती भरली. मला निरोपाच्या दिवशी सगळ्यात आधी सांगायचं होतं ते हे.

अंगणवाडीताईंनी सुरुवात केली. त्यांच्या पत्र्याच्या खोलीत पहिल्या वर्षी दोन पोरी झोपायला आल्या. मग मंदिराशेजारच्या घरातल्या विधवा काकूंनी आपली माडी दिली, फक्त पोरींसाठी. पोषण आहार शिजवणाऱ्या आमच्या दोघी ताई महिन्याला 2500 रुपये मानधनावर राबतात. शाळेची खिचडी झाली की त्या संध्याकाळी घरच्या चुलीवर या पोरींच्या भाकरी थापायच्या. पीठ पोरींच्या घरचं, सरपण गावाचं. शाळेचे मामा, म्हणजे आमचे शिपाई, रात्री नऊला काठी घेऊन एक फेरी मारायचे. त्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं. ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी माणूस आला नाही, कारण शिपायांची पदं आता भरतच नाहीत. आज घंटा आठवीची पोरं देतात. फेरी मात्र थांबली नाही. मामांचा मुलगा मारतो.

एका पोरीबद्दल सांगते. नाव सांगणार नाही, गावात सगळ्यांना माहीत आहे. नववीत होती. गणितात फार हुशार नव्हती, पण तिची वही पाहण्यासारखी असायची, समास आखून, तारीख घालून. दिवाळीची सुट्टी संपायच्या आत तिचा बाप कार्यालयात आला. हातात दाखल्याचा अर्ज. ठरल्याप्रमाणे क्लार्कने त्यांना बसवलं. मी विचारलं, "दाखला कशाला हवा?" ते खाली बघत म्हणाले, "पाहुणे आलेत, मॅडम. पोरगं चांगलं हाय. परवा गाडी निघायची हाय." म्हणजे दोन दिवसांत मांडव.

मी कायदा सांगू शकत होते. बालविवाह प्रतिबंधक कायदा 2006 चा आहे, गावात ग्रामसेवकच प्रतिबंधक अधिकारी असतो, 1098 या बालकांच्या हेल्पलाइनला फोन करता येतो. हे फोन मी केलेले आहेत आणि पुन्हा करायची वेळ आली तर तुम्हीही न डगमगता करा. त्यात गावाची बदनामी वगैरे काही नसते. पण कायद्याने मांडव थांबतो आणि पोरगी दुसऱ्या दिवशी आईबापांबरोबर निघून जाते, पाहुणे तिकडेच गाठतात, हेही मी पाहिलं आहे. म्हणून त्या दिवशी मी आधी एवढंच विचारलं, "ती राहिली तर कुणाकडे राहील असं तुम्हाला वाटतं?" ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माझी माय हाय. पर तिला ऐकू येत न्हाई." मी काकूंच्या माडीचं सांगितलं. त्यांनी काकूंकडे जाऊन जिना पाहिला, दाराची कडी हाताने ओढून पाहिली, खिडकीला गज आहेत का पाहिलं. ती कडी ओढून बघतानाचा त्यांचा हात मला अजून दिसतो. ऊस तोडून बोटांना भेगा पडलेल्या, कडी दोनदा लावली, दोनदा काढली. मग म्हणाले, "परीक्षेला म्या येतो. तवर तुमच्या हवाली." अर्जाचा कागद त्यांनी घडी करून खिशात टाकला.

ती दहावी झाली, नर्सिंग झाली. 1 मे ला मंडपात आली होती, आईला घेऊन. तिची आई फडात वाकून वाकून कमरेतून गेली आहे. 2019 मध्ये आमच्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या देशभर गाजल्या. त्या बाया म्हणजे आमच्या पालकसभेला येणाऱ्या बाया. लेक दवाखान्यात नोकरी करते आणि आईला तपासायला स्वतः घेऊन जाते, याचं मोल मी कशात मोजणार?

सगळ्यांचं असं झालं नाही. काहींची लग्नं झाली. त्यांच्यासाठी शाळेचं दार बंद होत नाही हे मी जमेल तिथे सांगत राहिले. बोर्डाचा 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं. एक वर्ष असं आलं की आमच्याच केंद्रावर 17 नंबरला बसलेली पोरगी तान्ह्या बाळाला घेऊन आली. पेपर तीन तासांचा. आमच्या खिचडीवाल्या ताईंनी बाळ पदराखाली घेतलं आणि व्हरांड्याच्या टोकाला, लिंबाखाली, फेऱ्या मारत राहिल्या. पोरगी मराठीचा पेपर लिहीत होती आणि मध्येच मान वर करून खिडकीतून बघत होती. ती पास झाली. ताईंना अजून मावशी म्हणते.

लॉकडाऊनची आठवण निघाली नाही असं होणार नाही. मार्च 2020 मध्ये दहावीची परीक्षा सुरू होती. पोरं फडावरून खास परीक्षेसाठी परत आली होती. शेवटचा पेपर भूगोलाचा, माझा. तो झालाच नाही. पुढे रद्द झाला. आईबाप तिकडे कारखान्यांवर अडकले, लेकरं इकडे आजीपाशी. फोनवर रडारड. एप्रिलच्या मध्याला परवानगी मिळून माणसं परत यायला लागली, तेव्हा त्यांना ठेवायला गावाला शाळेशिवाय दुसरी जागा नव्हती. वर्गात बाक एकावर एक चढवून सतरंज्या टाकल्या. ज्या खोल्यांत त्यांची लेकरं शिकतात त्यांत ते आयुष्यात पहिल्यांदा इतके दिवस राहिले. लेकरं मैदानाच्या पलीकडून ओरडून बोलायची. एका बापाने फळ्यावर खडूने स्वतःचं नाव लिहिलं होतं, मोठ्या अक्षरांत, रेघ सोडून. खोली रिकामी झाली तेव्हा ते पुसायला माझ्या हातून झालं नाही. शाळा उघडल्यावर पोरांनीच पुसलं.

पुढच्या वर्षी तर परीक्षाच झाली नाही, निकाल नववीच्या आणि अंतर्गत गुणांवर लागला. त्या दोन वर्षांत आमच्याकडे मोबाइलवरच्या शिक्षणाने काय साधलं यावर मोठमोठ्या चर्चा झाल्या. माझं मत विचाराल तर सांगते: डोंगरात रेंज नव्हती, घरात एक फोन आणि तो बापाच्या खिशात. आमच्या तरुण शिक्षकांनी वाडीवर झाडाखाली, ओसरीवर, अंतर ठेवून पोरं बसवली, म्हणून ती पोरं हातची गेली नाहीत. त्यांचे फोटो कुठे छापून आले नाहीत. ते मोटारसायकलवर फळा बांधून जायचे.

कार्यालयाचं काम मात्र वाढतच गेलं. सरल, यू-डायस, शालार्थ ही सरकारी पोर्टलं, आधार जुळवणी, एकाच पोराच्या नावातली एक वेलांटी चुकली म्हणून पुन्हा सगळं. ते करावं लागतं, तक्रार नाही. पण नव्या मुख्याध्यापकांना एक मनापासून सांगते, सर: रोज सकाळचा पहिला तास संगणकासमोर घालवू नका. व्हरांड्यात उभे राहा. मानव विकास योजनेच्या निळ्या गाडीतून पोरी उतरतात तेव्हा कोण उतरलं नाही ते आपोआप दिसतं. कोणत्याही पोर्टलवर ते दिसायला दोन महिने लागतात.

आणि जनरल रजिस्टर जपा. 2023 मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली तेव्हा शाळाशाळांतली जुनी रजिस्टरं बाहेर आली. आमचंही आलं. गावातली माणसं आपल्या आजोबा-पणजोबांची नावं शोधत कार्यालयात दाटीवाटीने उभी राहिली. कुणाला हवी ती नोंद सापडली, कुणाला नाही. पण मी पाहत होते की नोंद सापडो न सापडो, माणूस आपल्या घरातल्या कुणाच्या तरी नावावर बोट ठेवून थांबायचा. एक आजोबा आपल्या बहिणीची ओळ वाचून घ्यायला दोनदा आले. तिसरीत आमच्या जुन्या प्राथमिक वर्गात होती, लहानपणीच गेली. तिचा फोटो नाही, कुठे काही नाही. तेवढी एक ओळ आहे. मी ती त्यांना उतारा काढून दिली. कोणत्याही कामासाठी नको होता, म्हणाले, घरी ठेवायला पाहिजे.

आता चार्ज देऊन झाला आहे. जडसंग्रह नोंदवही, प्रयोगशाळेतलं साहित्य, नकाशे, बाक, कपाटांच्या किल्ल्या, सगळ्याच्या याद्या झाल्या, सह्या झाल्या. सहकाऱ्यांनी पैठणी दिली, गावाने पितळी समई दिली, पोरींनी मेंदीने नाव काढलेला रुमाल दिला. माझ्याबद्दल जे बोललं गेलं त्यातलं बरंचसं माझं नाही, ते अंगणवाडीताईंचं, काकूंचं, मामांचं आणि त्या दोघी खिचडीवाल्या ताईंचं आहे, ज्यांचा सत्काराच्या यादीत नंबर शेवटी होता. मला तो पहिला हवा होता. म्हणून मी माझी शाल त्यांच्या खांद्यावर टाकली, आणि तसं करताना कुणाचा अवमान करायचा नव्हता, हेही सांगते.

मुकादमांनाही मला काही म्हणायचं आहे. तुम्ही आमच्याच गावची माणसं, तुमचीही लेकरं याच शाळेत शिकली. उचल देताना नवरा-बायको मोजता, ते तुमचं काम आहे. फक्त सोळा-सतरा वर्षांची जोडी कोयता म्हणून लिहून घेऊ नका. तुम्ही नाही म्हणालात तर अर्धी लग्नं इथेच थांबतील, कुठल्याही फोनशिवाय. आणि दहावीच्या पोरांना फेब्रुवारीत तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षेला परत पाठवायचं भाडं तुम्ही कापून घ्यायचं नाही असं काही मुकादमांनी कबूल केलं होतं. ते पाळत आलेत. बाकीच्यांनीही पाळावं.

सर, तुमच्यासाठी लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात एक साधी दोनशे पानी वही ठेवली आहे. चार्जच्या यादीत ती नाही, कारण ती शाळेची मालमत्ता नाही. त्यात वाडीवार नावं आहेत: कुणाचे आईबाप कोणत्या कारखान्याला जातात, घरी कोण राहतं, त्याला दिसतं का, ऐकू येतं का, पोर कुठे झोपतं, मुकादमाचा नंबर काय. गाड्या दसऱ्यानंतर लागतील, पण उचल आधीच वाटली जाते, म्हणून वाड्यांवर सप्टेंबरातच जायला हवं. पहिल्यांदा खालच्या तांड्यावर जा. तिथे तीन पोरी नववीत गेल्या आहेत आणि काकूंची माडी आता दोघींनाच पुरते, त्यांचा नातू शिकायला परत आला आहे. तिसरीची सोय अजून झालेली नाही. मी गावातच आहे, माझ्या घरात एक खोली रिकामी आहे. तिच्या आईला घेऊन या, तिने आधी दाराची कडी बघून घ्यावी.